धाकटी होडी: डिंगीची निवड आणि तिची जागा

शिडाच्या नौकेतून लांबच्या प्रवासाला निघणारे लोक नांगर, शिडं आणि बॅटऱ्या यांवर वर्षानुवर्षं खल करतात. डिंगी मात्र एखाद्या प्रदर्शनात सवलत दिसली म्हणून तासाभरात घेऊन टाकतात. पुढे समुद्रात सगळ्यांत जास्त कटकट तिचीच होते. नौका कितीही देखणी असो, मुक्कामाला ती किनाऱ्यापासून शंभर-दोनशे मीटरवर नांगरलेली असते. पिण्याच्या पाण्याचे कॅन, भाजी, गॅसची टाकी, धुण्याचं बोचकं, तापाने फणफणलेला माणूस आणि इमिग्रेशनचा शिक्का घ्यायला निघालेला कप्तान, या सगळ्यांची ने-आण त्या अडीच-तीन मीटरच्या होडीतूनच होते.

आपल्याकडे डिंगी म्हटलं की शर्यतीतली ऑप्टिमिस्ट किंवा लेसर डोळ्यांसमोर येते. इथे विषय आहे तो मोठ्या नौकेबरोबर राहणाऱ्या, तिच्यावर चढवून ठेवायच्या सेवेच्या होडीचा. गोव्यात दिवाडी बेटावर बांधलेल्या 'म्हादेई' आणि 'तारिणी'मुळे मराठी वाचकाला शिडाच्या जगप्रदक्षिणेची ओळख झाली. पण त्या मोहिमांचे थांबे मोजके होते. २०१७-१८ मध्ये गोव्याहून निघालेली 'तारिणी' ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, फॉकलंड, दक्षिण आफ्रिका असे लांब लांब टप्पे घेत फिरली. हौशी प्रवासी याच्या उलट वागतो. तो दर दोन-चार दिवसांनी नव्या खाडीत नांगर टाकतो आणि प्रत्येक वेळी डिंगी पाण्यात उतरवतो. कोकणात ही गरज कुणाला समजावून सांगावी लागत नाही. खाडीत उभ्या असलेल्या मच्छीमार बोटीपर्यंत जायला छोटी होडी लागतेच. मुंबईच्या काही कोळीवाड्यांत तर थर्माकोलच्या ठोकळ्यांचा तराफाही ते काम भागवतो. फरक इतकाच की कोळ्याची होडी किनाऱ्याला राहते, प्रवाशाला आपली होडी अंगावर वागवत समुद्र ओलांडायचा असतो.

म्हणून पहिला प्रश्न 'कोणती डिंगी' हा नसून 'ठेवणार कुठे' हा आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. जोशुआ स्लोकमने हा क्रम १८९५ मध्येच बरोबर लावला होता. 'स्प्रे'मधून एकट्याने पहिली जगप्रदक्षिणा करायला निघालेल्या या माणसाच्या डेकवर अख्ख्या होडीला जागा नव्हती आणि अख्खी होडी एकट्याला हाताळणंही अवघड होतं. त्याने एक जुनी डोरी जातीची होडी आडवी कापली, कापल्या बाजूला फळ्या ठोकून ती बंद केली आणि अर्धी होडी घेऊन निघाला. प्रवासात तीच त्याचा कपडे धुण्याचा आणि अंघोळीचा टबही झाली.

तेव्हा आधी टेप घेऊन डेकवर जावं. दहा-अकरा मीटरच्या साध्या नौकेवर डोलकाठी आणि नाळेवरचा नांगर ओढायचा विंडलास यांच्यामध्ये जेमतेम अडीच ते तीन मीटर मोकळे मिळतात. त्यातच पुढच्या केबिनची झडप येते. डिंगीने ती झाकली तर खाली उकाडा होतोच, शिवाय आगीच्या वेळी बाहेर पडायची दुसरी वाटही बंद होते. डोलकाठीच्या मागे, बूमच्या (मुख्य शिडाच्या आडव्या दांड्याच्या) खाली जागा असेल तर ती सर्वोत्तम, कारण वजन नौकेच्या मध्यावर येतं आणि नाळेवर आदळणाऱ्या लाटा तिथे थेट पोचत नाहीत. जुन्या आखणीच्या नौकांत ही जागा सापडते. अलीकडच्या नौकांत कॉकपिटचं छप्पर पुढे सरकलेलं असतं आणि बूमखाली हात घालायलाही फट उरत नाही. या मापांत काय बसतं ते पाहिलं की निम्मी यादी आपोआप गळते.

उरलेल्या यादीत दोन पंथ आहेत, टणक आणि फुगवायची, आणि दोन्हीकडचे लोक आपापल्या होडीबद्दल धर्मासारखं बोलतात.

टणक होडी लाकडाची, फायबरची किंवा प्लास्टिकची असते. तिचा पहिला गुण म्हणजे ती वल्हवता येते. वाऱ्याविरुद्ध अर्धा किलोमीटर वल्हवून जाणं रबरी डिंगीत जवळजवळ अशक्य होतं. तिचा फुगीर देह वारा पकडतो, पाण्यात मात्र पकड घेत नाही. नौका वाळूत रुतली आणि दुसरा नांगर लांब नेऊन टाकायचा असला, की टणक होडीची किंमत कळते: साखळी आणि नांगर तिच्यात ठेवता येतात, रबर फाटायची धास्ती नसते. कोकणातल्या खडकांवर कालवं चिकटलेली असतात. त्यांच्या धारेवर रबरी नळ्या टिकत नाहीत, फायबरवर नुसता ओरखडा उठतो. लाइल हेस यांनी आखलेली 'फॅटी नीज' ही या वर्गातली नावाजलेली होडी. लिन आणि लॅरी पार्डी या जोडप्याने ज्या दोन इंजिनविरहित नौकांतून जग पालथं घातलं, त्या 'सेराफिन' आणि 'टॅलेसिन'ही हेस यांच्याच आखणीच्या. या पंथात इंजिनापेक्षा शीड आणि वल्ह्यावर जास्त भरवसा असतो.

टणक होडीचे तोटेही टणकच आहेत. आठ फुटांची होडी डुगडुगते. पोहून आलेला माणूस काठावरून चढायला गेला तर ती पाणी घेते. रात्री वारा पडला की नौकेच्या अंगावर ठक ठक आपटत राहते आणि कुणाला झोप लागत नाही. जागेच्या अडचणीवर दोन चतुर तोडगे आहेत. एक म्हणजे दोन भागांत सुटणारी, एक भाग दुसऱ्यात बसणारी होडी. साडेतीन मीटरची लांबी निम्म्या जागेत मावते, म्हणजे स्लोकमची अर्धी होडी इथे दुसऱ्या अर्ध्यासकट परत आली म्हणायची. दुसरा तोडगा 'पोर्टा-बोट'सारख्या घडीच्या होडीचा. तिची घडी फळीसारखी चपटी होते आणि डेकच्या कठड्याला उभी बांधता येते. मात्र हलत्या डेकवर, वाऱ्यात ती उलगडून तिच्यात बाकं बसवणं हे प्रात्यक्षिकात दिसतं तितकं सोपं नाही.

फुगवायच्या होडीकडे लोक एकेकाळी खेळणं म्हणून पाहत. १९५२ मध्ये आलँ बोंबार हा फ्रेंच डॉक्टर एका फुगवलेल्या होडीतून कॅनरी बेटांहून निघून ६५ दिवसांनी बार्बाडोसला पोचला आणि निदान तरंगत राहण्याबद्दलची शंका संपली. पुढचा मोठा बदल वेल्समधल्या अटलांटिक कॉलेजात झाला. १९६२ मध्ये सुरू झालेल्या या शाळेचे पहिले मुख्याध्यापक रिअर अ‍ॅडमिरल डेस्मंड होअर आणि त्यांचे विद्यार्थी यांनी फुगवलेल्या नळ्यांना खालून टणक तळ जोडण्याचे प्रयोग केले. त्यातून आजची रिब घडली. होअर यांनी तिचं पेटंट ब्रिटनच्या जीवरक्षक नौका संस्थेला नाममात्र एका पौंडात देऊन टाकलं. आज जगभरच्या नांगरवाड्यांत सर्वाधिक दिसते ती हीच होडी, आणि तिच्या जनकांना त्यातून काही मिळालं नाही.

रिब भार घेते, सहसा उलटत नाही, थोड्या अश्वशक्तीत पाण्यावर उचलून धावते. तिचा तळ घडी होत नाही, एवढाच तिचा मूळ दोष. तीन मीटरची हलकी अ‍ॅल्युमिनियम तळाची रिब सुमारे ४० किलोंची असते. फायबरच्या दुहेरी तळाची ६० किलोंच्या पुढे जाते. हा वीस किलोंचा फरक कागदावर किरकोळ दिसतो आणि ओहोटीच्या वेळी सगळा प्रवास ठरवतो. तळाशी फळ्यांची किंवा हवेची जमीन असलेल्या साध्या होड्या याहून हलक्या. त्या सतरंजीसारख्या गुंडाळून लॉकरमध्ये टाकता येतात. वर्षातून दोन आठवडे फिरणाऱ्याने दुसरं काही घेऊ नये. नौकेवरच राहणाऱ्याने त्या घेऊ नयेत, कारण त्या रोजच्या वापराला पुरत नाहीत.

कापडाच्या बाबतीत मात्र वादाला फारशी जागा नाही. पीव्हीसी स्वस्त आहे, पण उष्ण कटिबंधातल्या उन्हात काही वर्षांतच ते चिकट होतं आणि शिवणी सुटू लागतात. ज्याला सगळे हायपलॉन म्हणतात ते रबर दुप्पट टिकतं. ड्यूपाँ कंपनीने त्या नावाचं उत्पादन २०१० च्या सुमारास बंद केलं. तेच रसायन आता दुसरे उत्पादक सीएसएम या नावाने देतात, तेव्हा दुकानदाराने 'अस्सल हायपलॉन' म्हटलं की त्याला दोन प्रश्न जास्त विचारावेत. दोन्ही कापडांना जाड सुती किंवा अ‍ॅक्रिलिक कापडाची खोळ शिवून घेतली तर आयुष्य वाढतं, आणि भर दुपारी तापलेल्या नळीवर बसताना चटकाही बसत नाही. उन्हात नळीतली हवा फुगते, म्हणून सकाळी थोडी हवा कमी ठेवावी.

मोटरीचा प्रश्न होडीच्या प्रश्नाला चिकटूनच येतो. अडीच अश्वशक्तीची मोटर १३ ते १८ किलोंची असते, एका हाताने उतरवता येते आणि दोन माणसांना चालत्या गतीपेक्षा थोडं जास्त पळवते. रिब पाण्यावर उचलून धावायला आठ-दहा अश्वशक्ती लागते, आणि तिथून वजन झपाट्याने वाढतं. पंधरा अश्वशक्तीची जुनी टू-स्ट्रोक मोटर ३६ किलोंच्या आसपास. तेवढ्याच शक्तीची फोर-स्ट्रोक ५० किलोंच्या घरात. युरोप-अमेरिकेत प्रदूषणाच्या नियमांनी नव्या टू-स्ट्रोक मोटरी दुकानांतून हद्दपार केल्या. म्हणून कॅरिबियनमध्ये पोचलेले प्रवासी तिथल्या बेटांवर त्या शोधत फिरतात. पर्यावरणाच्या दृष्टीने हे बरं नव्हे, पण पन्नास किलोंचं धूड हलत्या डेकवरून खाली देताना ज्याची पाठ धरली आहे त्याला हे व्याख्यान ऐकवू नये. बॅटरीवरच्या मोटरी या पेचातून चांगली वाट काढत आहेत. सुमारे १.३ किलोवॅट-तासांच्या बॅटरीसह वीसेक किलोंत सगळं येतं आणि नौकेवर पेट्रोल साठवायची गरज उरत नाही. पूर्ण जोराने चालवली तर ती सव्वा तासात संपते, पण अर्ध्या वेगाने दिवसभराच्या फेऱ्या होतात. वेगाने लांबच्या प्रवाळाकडे पोहायला जाणाऱ्याला ती पुरणार नाही. धक्का-बाजार-नौका एवढंच करणाऱ्याला पुरते. मोटर कोणतीही असो, ती चढवा-उतरवायला पिछाडीला एक छोटा आडवा खांब आणि कप्पी बसवावी.

आता साठवणीकडे. इथे लोक सोयीला भुलतात.

पिछाडीला दोन वाकलेले लोखंडी हात, म्हणजे डेविट, आणि त्यांवर टांगलेली डिंगी. हे दृश्य इतकं रुळलं आहे की अनेक नवख्यांना दुसरा मार्ग असतो हेच माहीत नसतं. बंदराबंदरांतून, किनारा धरून जाताना डेविटसारखी सोय नाही. दोन मिनिटांत होडी पाण्यात. मोठ्या कॅटामरानवरही, जिथे डिंगी दोन धडांच्या मध्ये उंचावर बसते, तक्रार करायला जागा नाही. पण एका धडाच्या दहा मीटरच्या नौकेने डेविटवर डिंगी टांगून महासागरात जाणं मला पटत नाही. मागून आलेली एक लाट तिच्यात शिरली तर काय होतं याचा हिशेब साधा आहे. आतली जागा दोन मीटर लांब, ऐंशी सेंटीमीटर रुंद आणि तीस सेंटीमीटर खोल धरली तरी जवळजवळ ४८० किलो पाणी झालं. ते सगळं नौकेच्या शेपटाला, तरफेच्या टोकाला लोंबकळतं. बूच काढून ठेवलं तरी पाणी लाटेच्या वेगाने येतं आणि बुचाच्या भोकाच्या वेगाने जातं. शिवाय ज्यांच्या नौकेवर वाऱ्याने चालणारं स्वयंचलित सुकाणू आहे, त्यांना पिछाडीची तीच जागा हवी असते. लांब प्रवासात या दोघांपैकी निवड करायची तर सुकाणूच राहायला हवं.

दुसरी सोय ओढत नेण्याची. एका खाडीतून शेजारच्या खाडीत, सपाट पाण्यात, ठीक आहे. मोटर उतरवून घ्यावी, वल्ही आणि पेट्रोलची टाकी काढावी, दोर दोन असावेत. दोर तरंगणाऱ्या जातीचा घ्यावा, कारण बुडणारा दोर नौकेच्या पंख्यात अडकायला टपलेलाच असतो, आणि अडकतो तो नेमका नांगर टाकण्यासाठी मागे येताना. त्या वेळी डिंगीचा दोर आखूड करण्याचं काम एका माणसाच्या नावावर लावून ठेवावं. वारा मागून असला तर डिंगी लाटेवरून घसरत येऊन पिछाडीवर धडकते. समोरून जोर वाढला तर रिकामी होडी वाऱ्यात उलटते आणि मग तो एक प्रचंड ब्रेक होतो. मोकळ्या समुद्रात ओढत नेलेल्या डिंग्यांपैकी किती हरवतात याची नोंद कुणी ठेवत नाही. नांगरवाड्यातल्या गप्पांत मात्र ही गोष्ट प्रत्येकाकडे असते.

राहिली ती नाळेच्या डेकवर उलटी बांधण्याची पद्धत. तिच्यात देखणेपण नाही, पण मला तीच पटते. उलटी होडी पाणी धरत नाही, लाट तिच्या पाठीवरून निघून जाते. बांधायचे पट्टे पॉलिएस्टरचे असावेत. नायलॉन ओलं झालं की ताणतं आणि होडी हलायला लागते. ते डेकच्या आरपार बोल्ट केलेल्या कड्यांना बांधावेत, कठड्याच्या खांबांना कधीही नाही, कारण लाटेने होडी उखडली तर ती कठडाही घेऊन जाते. रिब असेल तर नळ्यांतली हवा काढून टाकावी: उरतो तो तळ गुडघ्याइतकाही उंच राहत नाही, समोरचं दिसतं आणि पुढच्या शिडाचे दोर अडकत नाहीत. उचलायला शीड चढवायची हॅलयार्डच वापरायची. होडीला तीन जागी कडी, त्यांत तीन पायांची दोरी, आणि एक जण दोर ओढायच्या विंचवर, दुसरा होडी आवरायला. दोघांना सवय झाली की हे काम फार वेळ खात नाही. पूर्ण हवा काढून लॉकरमध्ये टाकणं डेकच्या दृष्टीने सर्वांत सुरक्षित, पण रात्रभर जागून मुक्कामी पोचल्यावर पंप मारायला कुणी उठत नाही, आणि गाव पाहायचं राहून जातं.

मुक्कामातही डिंगी पाण्यात रात्रभर सोडू नये. पूर्व कॅरिबियनमध्ये डिंगी आणि मोटरची चोरी हा जुना धंदा आहे, आणि तिथला रिवाज असा की अंधार पडला की डिंगी हॅलयार्डने कमरेइतकी वर उचलायची आणि तिला साखळी-कुलूप लावायचं. डिंगीवर मोठ्या नौकेचं नाव रंगवण्याची जुनी पद्धतही याच कारणाने मागे पडते आहे. धक्क्याला ती डिंगी दिसली की नौका रिकामी आहे हे चोराला वाचता येतं. उचलून ठेवण्याचा आणखी एक फायदा: तळाला शेवाळ आणि शिंपा धरत नाहीत.

आपल्या किनाऱ्यावरचा प्रश्न वेगळ्या जातीचा आहे. मुंबईला उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीत चार-पाच मीटरांचा फरक पडतो. गोव्यापर्यंत खाली गेलं की तो दोन मीटरांच्या आसपास येतो. भूमध्य समुद्रावरची पुस्तकं वाचून मुंबईच्या आसपास डिंगी लावणाऱ्याला चार तासांनी परत आल्यावर समोर पाण्याऐवजी दीडशे मीटर चिखल दिसतो. डिंगी ओढायला चाकं बसवली असली तरी ती चिखलात रुततात. तिथे साठ किलोंची रिब आणि वर पन्नास किलोंची मोटर असेल तर पुढच्या भरतीची वाट पाहत बसावं लागतं. आणखी एक गोष्ट परदेशी प्रवाशांना ठाऊक नसते. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री हल्लेखोर कफ परेडजवळच्या मच्छीमार वस्तीत मोटर लावलेल्या रबरी डिंगीतूनच उतरले होते. तेव्हापासून रात्री अनोळखी डिंगी किनाऱ्याला लागली की चौकशी होते, आणि ती व्हायलाही हवी. कागदपत्रं बरोबर ठेवून दिवसाउजेडी, बंदराच्या अधिकाऱ्यांना सांगूनच उतरावं.

डिंगी जीवनतराफ्याची जागा घेऊ शकते का, हा वाद १९७२ पासून चालू आहे. त्या वर्षी जूनमध्ये गॅलापागोसच्या पश्चिमेला किलर व्हेलच्या धडकेने रॉबर्टसन कुटुंबाची 'ल्युसेट' बुडाली. सहा माणसं. त्यांचा फुगवलेला तराफा १७ दिवसांत निकामी झाला आणि उरलेले दिवस त्यांनी 'एडनामेअर' या नऊ फुटी फायबरच्या डिंगीत काढले. ३८ व्या दिवशी एका जपानी मच्छीमार बोटीने त्यांना उचललं. पुढच्याच वर्षी मॉरिस आणि मॅरलिन बेली तराफा आणि फुगवायची डिंगी एकमेकांना बांधून जवळजवळ चार महिने पॅसिफिकमध्ये तरले. या कथांवरून काही जण तराफ्याचे पैसे वाचवायला बघतात. 'पोर्टलंड पजी'सारख्या, छत लावता येणाऱ्या प्लास्टिकच्या होड्या तर याच दुहेरी कामासाठी बनतात. पण दोन्ही कुटुंबांकडे तराफा होता, हे विसरलं जातं. कथांतून घ्यायचं ते एवढंच की डेकवरच्या डिंगीची बांधणी सुरीच्या एका फटक्यात सुटेल अशी असावी, आणि सुरी तिथेच असावी.

खरा धोका मात्र व्हेलचा नाही. नांगरवाड्यात अपघात होतात ते रात्री जेवून, थोडं पिऊन, चौघांच्या होडीत सहा जण बसून परतताना. जीवरक्षक जाकीट अंगात, कपाळावर दिवा, मोटरचा कट-ऑफ दोर चालवणाऱ्याच्या मनगटाला, आणि वल्ही नेहमी होडीत. यातली एकही गोष्ट महाग नाही.

दहा-अकरा मीटरची नौका, दोन माणसं आणि उष्ण कटिबंध एवढं धरून माझा कौल असा: २.७ मीटरच्या आसपासची, एकेरी अ‍ॅल्युमिनियम तळाची, सीएसएम कापडाची रिब, तिला खोळ, दोघांना सहज उचलता येईल एवढीच मोटर, लांब टप्प्यात नाळेवर उलटी, हवा काढलेली. ज्याला वल्हवायची आवड आहे आणि बूमखाली जागा आहे, त्याने टणक होडी घ्यावी आणि कुणाचं ऐकू नये. आणि पैसे देण्याआधी दुकानातच, मोटर लावून, जोडीदाराबरोबर ती डिंगी वीस पावलं उचलून नेऊन पाहा. विक्रेत्याला तेवढा धीर नसेल तर दुसरं दुकान शोधा.